चंद्रावर सावलीत पाऊल टाकलं तर?

प्रश्न ऐरोलीहून आलाय, दहावीतल्या एका मुलीचा. तिने लिहिलंय: "काका, चंद्रावर हवा नाही म्हणून उन्हात १२० अंश आणि सावलीत उणे दीडशेच्याही खाली तापमान असतं असं वाचलं. मग अंतराळवीराचा एक पाय उन्हात आणि दुसरा सावलीत असेल तर एक भाजेल आणि दुसरा लगेच गोठेल का? चंद्र सूर्यापासून आपल्याइतकाच लांब आहे, मग एवढा फरक नुसत्या हवेमुळे? आणि तिथे राहायचंच झालं तर कुठे राहायचं?"

आधी थोडक्यात उत्तर देतो. दुसरा पाय लगेच गोठणार नाही, कितीतरी वेळ गोठणार नाही. फरक मुख्यतः हवेचा आहे, पण थोडा वाटा चंद्राच्या संथ फिरण्याचाही आहे. राहण्याच्या जागेकडे शेवटी येतो.

मी जवळपास तीस वर्षं रबाळे-महापे पट्ट्यात व्हॅक्यूमच्या यंत्रांवर काम केलं. चेंबर, पंप, गेज आणि रात्र रात्र जागून शोधलेले लीक यांत माझी नोकरी गेली. त्यामुळे हवा काढून घेतली की वस्तू कशा वागतात हे मी पुस्तकाच्या आधी हातांनी शिकलो. तुझ्या प्रश्नातला घोळ "तापमान" या एका शब्दात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

मे महिन्यात दुपारी ठाण्याच्या तलावपाळीवर उभी राहा. उन्हात अंगाची लाही होते, झाडाखाली आलं की हायसं वाटतं. पण हवेचं तापमान दोन्ही जागी जवळपास एकच असतं. बातम्यांत सांगतात ते ३७-३८ अंश हे सावलीतल्या हवेचं तापमान असतं. उन्हात तुला जे जास्त लागतं ती सूर्यकिरणांनी थेट अंगावर आणून टाकलेली उष्णता. म्हणजे ठाण्यात "आजचं तापमान" म्हटलं की आपण हवेबद्दल बोलतो. चंद्रावर मोजायला हवाच नाही. तिथले १२० अंश मातीच्या वरच्या पापुद्र्याचे आहेत, तेही विषुववृत्तापाशी, भर दुपारी. त्या मातीच्या फूटभर वर जी रिकामी जागा आहे तिला स्वतःचं काही तापमान नाही. ती गरम नाही आणि थंडही नाही.

इथेच बहुतेकांची चूक होते. पोकळी म्हणजे भयंकर थंड अशी आपली पक्की समजूत असते. खरं तर पोकळीइतकं चांगलं पांघरूण दुसरं नाही. घरातला चहाचा थर्मास काय करतो? दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते, म्हणून चहा तासन्‌तास गरम राहतो. उष्णता जायच्या वाटा तीनच: स्पर्शाने वहन, हवा किंवा पाण्याबरोबर वाहत जाणं, आणि प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपात बाहेर पडणं. हवा काढली की दुसरी वाट पूर्ण बंद होते, पहिली फक्त जिथे वस्तू टेकलेली असेल तेवढ्यापुरती उरते. राहतं ते प्रारण, आणि आपल्या शरीराच्या तापमानाला प्रारणाची वाट फारच संथ असते.

हे मला एका जळलेल्या बोर्डाने शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात आम्हाला एक इलेक्ट्रॉनिक सर्किट चेंबरमध्ये चालवून बघायचं होतं. बोर्डावर छोटा पंखा होता, त्यामुळे थंडाव्याची काळजी कोणी केली नाही. चेंबर रिकामा झाला, पंखा जोरात फिरत होता, आणि काही मिनिटांतच बोर्डावरचा एक भाग तपकिरी झाला. पंख्याला ढकलायला हवाच नव्हती. बाहेर टेबलावर तोच बोर्ड दिवसभर चालायचा. त्या दिवसापासून व्हॅक्यूममध्ये काही ठेवायचं म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो: याची उष्णता जाणार कुठून?

अंतराळवीराच्या पोशाखापुढेही हाच प्रश्न असतो. चालणारा, खोदणारा माणूस शंभर ते काहीशे वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. आपल्याकडे वारा आणि घाम ती घेऊन जातात. पोशाखात ती साठत जाते. म्हणून अपोलोच्या अंतराळवीरांच्या आतल्या कपड्यांत बारीक नळ्या शिवलेल्या होत्या, त्यांतून थंड पाणी फिरायचं, आणि पाठीवरच्या पेटीत थोडं पाणी गोठवून त्या बर्फाची थेट वाफ बाहेरच्या पोकळीत सोडली जायची. चंद्रावर माणसाला थंड कसं ठेवायचं, ही त्या लोकांची मोठी डोकेदुखी होती. तेव्हा तुझ्या अंतराळवीराचा सावलीतला पाय: बुटाचा तळवा थंड मातीला टेकला आहे तेवढ्यातून थोडी उष्णता जाईल, आणि ती मातीही इतकी भुसभुशीत आहे की उष्णता नीट ओढून घेत नाही. बाकी पायातून फक्त प्रारण. तो तिथे निवांत उभा राहू शकतो.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. अपोलोची सगळी याने चंद्राच्या सकाळी उतरली, सूर्य क्षितिजाच्या थोडाच वर असताना. लांब सावल्यांमुळे खड्डे नीट दिसावेत हे एक कारण होतंच, पण त्यामुळे जमीन भाजण्याइतकी तापलेलीही नव्हती. १२० अंशांच्या चंद्रावर माणूस अजून चाललेलाच नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. चंद्राला आणि आपल्याला प्रत्येक चौरस मीटरमागे सूर्याकडून मिळणारी ऊर्जा सारखीच, साधारण १३६१ वॅट. तरी चंद्राच्या विषुववृत्तावर दिवसा १२० आणि पहाटेआधी उणे १७० ते १८०. इथे तू स्वतःच्या खिडकीतून एक गोष्ट तपासू शकतेस. जुलैत ढग दाटलेले असताना ऐरोलीत दिवस आणि रात्र यांच्यात चार-पाच अंशांचाच फरक असतो. जानेवारीत आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की हाच फरक पंधरा अंशांच्या आसपास जातो. बदलापूर-कर्जतकडे त्याहून जास्त. सूर्य तोच. बदलले ते फक्त ढग आणि हवेतली वाफ. जमिनीतून रात्री वर जाणारी उष्णता वाफ आणि ढग अडवतात, त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात. वाफ कमी झाली की पांघरूण विरतं. आता कल्पना कर की वाफ तर नाहीच, हवाही नाही, आणि रात्र आपल्या जवळजवळ पंधरा दिवसांएवढी लांब आहे. चंद्राचा एक दिवस-रात्र मिळून साडेएकोणतीस पृथ्वी-दिवसांचा. संथ फिरण्याचा वाटा म्हणालो तो हा.

हवेचं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि पाठ्यपुस्तकात ते हरितगृह परिणामाच्या मागे झाकलं जातं. हवा उष्णता वाटते. दुपारी खाडीवरून वारा सुटतो, तो इथली गरमी उचलून नेतो आणि समुद्राचा थंडावा आणून देतो. विषुववृत्ताची उष्णता ध्रुवांकडे नेण्याचं काम वारे आणि सागरी प्रवाह करतात. चंद्रावर हे वाटप करणारं कोणी नाही. तिथली प्रत्येक जागा स्वतःच्या उन्हावर आणि स्वतःच्या सावलीवर जगते. शेजारची जागा तापली म्हणून हिला ऊब मिळत नाही, फार तर समोरच्या तापलेल्या डोंगरावरून थोडं प्रारण येतं.

याचा उत्तम पुरावा आपल्याच यानाने दिला. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चा लँडर विक्रम दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला. त्यावर 'चास्ते' नावाचं उपकरण होतं, दहा संवेदक बसवलेली एक सळई, जी मातीत १० सेंटिमीटरपर्यंत खुपसता येत होती. वर मातीचं तापमान ५० अंशांच्या आसपास, आणि ८ सेंटिमीटर खाली उणे १० च्या आसपास. तुझी बोटं जेवढी लांब आहेत तेवढ्या खोलीत साठ अंशांचा फरक! ठाण्याच्या मातीत असं कधीच होणार नाही, कारण आपल्या मातीच्या कणांमध्ये हवा आणि ओल असते आणि ती उष्णता पुढे सरकवते. चंद्राच्या मातीत कणाकणामधल्या फटीही पोकळच. म्हणजे चंद्राचा सगळा वरचा थर एक पसरलेला थर्मास आहे. अपोलो १५ आणि १७ च्या मोहिमांत मीटरभर खोलवर संवेदक सोडले होते. तिथे महिनाभराच्या दिवस-रात्रीचा पत्ताच लागत नाही, तापमान उणे २० च्या आसपास स्थिर राहतं. हे वाक्य लक्षात ठेव, शेवटी लागेल.

विक्रम आणि त्यातून उतरलेला रोव्हर प्रज्ञान चंद्ररात्रीनंतर जागे झाले नाहीत. तेव्हा बऱ्याच लोकांना वाईट वाटलं, मलाही. पण ती याने एका चंद्र-दिवसासाठीच बांधलेली होती. उणे दीडशेच्या खाली बॅटरीतलं रसायन थिजतं, आणि वेगवेगळ्या धातूंच्या आकुंचनात फरक असल्याने सोल्डरचे जोड तडकतात. रात्र काढायची तर आतून उष्णता देणारं काहीतरी लागतं. १९७० साली सोव्हिएत रशियाची लुनोखोद-१ ही गाडी पोलोनियमच्या उष्णतेवर चंद्राच्या रात्री काढत होती. आपल्याकडे चंद्रयान-३ च्या प्रॉपल्शन मॉड्यूलवर भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले प्रत्येकी एक वॅटचे दोन उष्मक चाचणीसाठी होते. वाशीच्या खाडीपुलावरून पलीकडे तुर्भ्याचा डोंगर, म्हणजे ट्रॉम्बे दिसतं, तिथलंच हे केंद्र. विक्रमच्या अंगावर चमकणारी सोनेरी पन्नी आठवते? ती सोन्याची नव्हे. प्लॅस्टिकच्या पातळ पटलावर ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन, असे कितीतरी थर एकावर एक ठेवून ते पांघरूण करतात. हवा नसल्यामुळेच ते चालतं. इथे ठाण्यात तेच पांघरूण एखाद्या पातळ चादरीपेक्षा फार चांगलं ठरणार नाही, कारण थरांमधली हवा उष्णता पार नेईल.

आता दाब. तापमानाइतकंच हे महत्त्वाचं, पण इथे आकड्यांऐवजी मी एक प्रयोग सांगतो. शाळांतली मुलं कारखाना बघायला यायची तेव्हा मी काचेच्या हंडीखाली वाटीभर पाणी ठेवून पंप चालू करायचो. थोड्या वेळात पाणी खदखदायला लागायचं, वाटी मात्र गार. मुलं म्हणायची, गरम न करता उकळतंय कसं? वरचा दाब कमी झाला की पाण्याच्या रेणूंना दाबून ठेवणारं कोणी राहत नाही, ते कोणत्याही तापमानाला सुटतात. पण सुटताना उष्णता घेऊन जातात, म्हणून उरलेलं पाणी गार होत जातं आणि पंप चांगला असेल तर उकळता उकळता त्याचा बर्फ होतो. तोंडं उघडी पडायची सगळ्यांची, शिक्षकांचीही. दाब ६ मिलिबारच्या खाली गेला की द्रवरूप पाणी टिकतच नाही, एकतर बर्फ नाहीतर वाफ. मंगळावर सरासरी दाब नेमका याच्या आसपास आहे, आपल्या एक टक्क्याहूनही कमी. म्हणून तिथे बर्फ आहे, वाहणारी नदी नाही.

माणसाचं काय होईल हेही १९६६ साली ह्यूस्टनच्या चेंबरमध्ये अपघाताने कळलं. जिम लब्लांक नावाच्या तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली आणि आतला दाब गेला. सुमारे चौदा सेकंदांत तो बेशुद्ध झाला. शुद्धीवर आल्यावर त्याने सांगितलं की शेवटचं आठवतंय ते जिभेवरची लाळ उकळताना झालेला बुडबुड्यांचा स्पर्श. लगेच हवा सोडली म्हणून तो वाचला. तो गोठला नाही, फुटलाही नाही. धोका प्राणवायूचा होता. सिनेमात दाखवतात तसं क्षणात बर्फ होणं हे उष्णतेच्या नियमांना धरून नाही.

याच हंडीत मी एक घंटाही ठेवायचो. हवा जाते तसा आवाज विरत जातो. पण घंटेखालचा स्पंज काढून ती थेट पत्र्यावर ठेवली की पुन्हा बारीक ऐकू येते, कारण कंप पत्र्यातून येतात. चंद्रावर आवाज नाही हे बरोबर, पण जमिनीतून कंप जातात. विक्रमवरच्या 'इल्सा' या उपकरणाने प्रज्ञानच्या चालण्याची थरथरसुद्धा टिपली होती.

आकाश दिवसाही काळं, संधिप्रकाश नाही, सावलीच्या कडा धारदार, हे तू वाचलेलंच असणार. त्यावर वेळ घालवत नाही. चंद्राच्या अंगावरच्या जखमांबद्दल, म्हणजे उल्कांच्या माऱ्याबद्दल मात्र बोलायला हवं.

आपला पारसिकचा डोंगर बेसॉल्टचा, काळ्या पाषाणाचा. चंद्रावर जे काळे डाग दिसतात तीही बेसॉल्टचीच मैदानं. दगड नात्यातले आहेत. पण पारसिकच्या दगडाला दरवर्षी चार महिने पाऊस झोडपतो, हवेतला प्राणवायू त्यातल्या लोखंडाला गंज चढवतो, आणि तांबडी माती तयार होते. चंद्रावर पाऊस नाही, वारा नाही. तिथली माती फक्त आदळण्याने तयार होते. आपल्याकडे वाळूच्या कणाएवढी उल्का आकाशातच जळून जाते, आपण तिला तुटणारा तारा म्हणतो. चंद्रावर ती थेट जमिनीवर येते, सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने. अब्जावधी वर्षं हा मारा चालू आहे. दगडाचं पीठ झालंय, पण ते पीठ नदीतल्या वाळूसारखं गुळगुळीत नाही, काचेच्या चुऱ्यासारखं टोकदार आहे. अपोलोच्या लोकांचे हातमोजे आणि बुटांचे थर त्याने घासले गेले, सांधे अडखळले, आणि अपोलो १७ च्या हॅरिसन श्मिट यांना तर त्या धुळीने शिंका आणि नाक चोंदण्याचा त्रास झाला. यंत्रवाला म्हणून सांगतो, चंद्रावर मला तापमानाहून जास्त भीती या धुळीची वाटेल. सीलमध्ये एक केस अडकला तरी चेंबर गळतो. तिथे तर सीलच्या प्रत्येक रबरी कडीवर, ओ-रिंगवर, काचेची पूड बसणार.

आणि जखम भरत नाही. आपलं लोणार बघ, बेसॉल्टमध्येच झालेलं, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद. पावसाने त्याच्या कडा झिजवल्या, पोटात तळं झालं, झाडी वाढली. हवेच्या ग्रहावर खड्डा हळूहळू मिटत जातो. चंद्रावर तेवढ्याच वयाचा खड्डा कालच पडल्यासारखा दिसेल.

हवा राहिलीच का नाही? सगळे सांगतात, गुरुत्वाकर्षण कमी म्हणून. हे अर्धंच उत्तर आहे. शनीचा चंद्र टायटन घे. त्याच्या पृष्ठभागावरचं गुरुत्व आपल्या चंद्राहूनही कमी, तरी तिथे नायट्रोजनची दाट हवा आहे, जमिनीवरचा दाब आपल्या दीडपट. फरक थंडीचा. टायटनवर उणे १७९ अंश, त्यामुळे रेणू मंद. वायूच्या रेणूंचा सरासरी वेग त्या गोलाच्या मुक्तिवेगाच्या, म्हणजे त्याच्या ओढीतून सुटायला लागणाऱ्या वेगाच्या, सहाव्या हिश्शाहून कमी असेल तर वायू दीर्घकाळ टिकतो, असा एक ढोबळ नियम आहे. चंद्राचा मुक्तिवेग सेकंदाला २.४ किलोमीटर, सहावा हिस्सा ४०० मीटर. भर दुपारच्या उष्णतेत नायट्रोजनचे रेणू पाचशेच्या वर धावतात, हायड्रोजन तर दोन हजारांच्या आसपास. वर सौरवात, म्हणजे सूर्याकडून सतत येणारा भारित कणांचा झोत, आणि अतिनील किरण रेणूंना फोडून उडवून नेतात. मंगळाबाबत मेव्हन यानाच्या मोजमापांवरून दिसलं की तिथला जवळपास दोन तृतीयांश आर्गॉन अवकाशात निघून गेलाय. आर्गॉन कोणाशी संयोग करत नाही, म्हणून तो गेला तो उडूनच गेला.

तरी चंद्र अगदी शून्य नाही. हेलियम, निऑन, आर्गॉनचे विखुरलेले अणू आहेत, चंद्रयान-२ ने त्यातला आर्गॉन मोजलाय. ते इतके विरळ की एकमेकांवर आदळण्याऐवजी जमिनीवर आदळतात. मी आयुष्यभर ज्या चेंबरमध्ये काम केलं त्यांतल्या बहुतेकांपेक्षा चंद्राचं व्हॅक्यूम चांगलं आहे.

बुध आणि शुक्र शेजारी ठेवले की हवेचा हिशोब एका नजरेत दिसतो. बुध सूर्याच्या सर्वांत जवळ. दिवसा ४३० अंश, रात्री उणे १८०. शुक्र त्याहून लांब, पण कार्बन डायऑक्साइडच्या प्रचंड जाड हवेमुळे दिवस असो, रात्र असो, ध्रुव असो, सगळीकडे साधारण ४६५. आणि तापलेल्या बुधावर ध्रुवाजवळच्या खड्ड्यांत पाण्याचा बर्फ आहे! १९९१ साली रडारने त्याची चाहूल लागली, २०१२ साली मेसेंजर यानाने पक्कं केलं. ज्या खड्ड्याच्या तळाला कधीच ऊन पोचत नाही, तिथे ऊब पोचवायला वारा नाही. आपल्या चंद्राच्या ध्रुवांवरच्या अशा खड्ड्यांत उणे २४० च्याही खाली मोजलं गेलंय.

आता राहायला जागा. पृष्ठभागावर नको, तिथे किरणोत्सर्गही आहे. चीनच्या चांग-ए ४ ने मोजलेली मात्रा दिवसाला १.३ मिलिसिव्हर्टच्या वर, म्हणजे अवकाश स्थानकातल्या अंतराळवीरांना मिळते तिच्या अडीचपट. मीटरभर खाली उणे २० स्थिर, हे मघाशी सांगितलंच. त्याहून चांगली जागा चंद्राच्या शांतिसागर नावाच्या मैदानात आहे: सुमारे १०० मीटर खोल एक विवर. त्याच्या सावलीतल्या भागात तापमान १७ अंशांच्या आसपास राहतं, असा अंदाज २०२२ साली मांडला गेला. वरचं छत दिवसा ऊन अडवतं आणि रात्री उष्णता बाहेर जाऊ देत नाही. २०२४ साली रडारच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर त्या विवराच्या तळातून पुढे जाणारी गुहाही दिसली.

सतरा अंश म्हणजे येऊरच्या जंगलातली जानेवारीची पहाट. तिथे हवा भरलेला तंबू ठोकला तर ऊब टिकवायला फार वीज लागणार नाही. तंबूची शिवण आणि दाराचं सील धुळीपासून कसं वाचवायचं, यावर मात्र मी अजून कागदावर रेघोट्या मारतोय. तुला काही सुचलं तर लिही.